फिरकीच्या तांब्यातलं चिंचेचं पाणी

गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काही ओतायचं नाही. दूध नाही, पाणी नाही, तीर्थसुद्धा नाही. हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत कन्नडमध्ये, तमिळमध्ये, मोडक्यातोडक्या उर्दूत इतक्यांदा बोलले आहे की आता झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणेन. माझा धाकटा भाऊ म्हणतो, अक्का हे वाक्य बोलत नाही, अंगावर फेकते. फेकते तर फेकते. माझ्या नाकावर राग आहे हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मराठीत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं ते एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट धरून, आणि त्या दिवसाबद्दल मला आज जे. पी. नगरच्या या निवांत गच्चीत बसूनही शांतपणे बोलायचं म्हणजे थोडं सावरून बसावं लागतं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच डॉक्टर होऊन बेंगळूरच्या एका सरकारी इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात लागले होते. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. मराठी बोलतो, पण पुण्याचे पाहुणे आले की आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. ‘थोडं सरक’ऐवजी ‘स्वल्प सरक’ आणि ‘बरं, जा आता’ऐवजी ‘सरी, जा आता’ हे आम्हाला मराठीच वाटतं, त्याला कोण काय करणार. ही मराठी उंबऱ्याच्या आतली. इस्पितळात कन्नड. त्यामुळे समोरचा माणूस आपल्यातला आहे हे कळायला कधी कधी अर्धा दिवस जायचा. दोघंही एकमेकांशी कन्नड बोलत राहायचे आणि दोघंही मनात मराठीत काळजी करत असायचे.

त्या काळी नशेनं गुंगलेली तान्ही पोरं वॉर्डात यायची. बहुतेक अफूची. म्हाताऱ्याच्या कनवटीची डबी खाली पडलेली असायची, रांगतं पोर ती उचलून तोंडात घालायचं. एखादं पोर बापानं कोपऱ्यात ठेवलेली ताडी पिऊन यायचं. मला भयंकर राग यायचा. चैन मोठ्यांची आणि श्वास अडकायचा लेकराचा, हा कुठला न्याय. आमचे मोठे डॉक्टर मात्र कधी रागवायचे नाहीत. कन्नड माणूस, उंच, हळू बोलणारे. मी जितकी तापट, तितके ते थंड. त्यांची शिकवण एकच होती, की आधी श्वास बघ, मग कारण शोध, आणि माणसांवर रागवायचं असेल तर पोर घरी गेल्यावर रागव. पहिल्या दोन गोष्टी मला लवकर जमल्या.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, एक जेमतेम विशीतली बाई दीड वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून धावत आत आली. अंगावर पारण्याच्या पूजेची रेशमी साडी, केस ओले. पोरीनं मान टाकली होती. मागून तिचे सासरे आले, कोट, काळी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. इस्पितळाजवळच चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान आणि घर होतं. नवरा खरेदीला परगावी गेलेला, म्हणून सासरा-सून दोघंच जटका करून आली होती. जटक्याचं घोडं मध्येच कुठंतरी अडलं, तेव्हा ती उतरून पळत आली होती, हे मला नंतर कळलं.

पोर सकाळी खेळत होती. मग झोकांड्या खात चालायला लागली, आपल्याशीच हसायला लागली, आणि मग अशी झोपली की उठेना. मी तिच्या पायाच्या तळव्याला चिमटा काढला. तिनं पाय थोडा ओढला आणि पुन्हा ढिली पडली. नाडी पळत होती. डोळे लालसर, बाहुल्या मोठ्या. अफू असती तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या, म्हणजे अफू नव्हे. महादेवाला धोतरा वाहतात, तेव्हा मी धोतऱ्याचं विचारलं. पण धोतऱ्यानं अंग तापतं, कोरडं पडतं. हिचं अंग गार होतं, आणि बाई शपथेवर सांगत होती की घरात फक्त बेल आणि पांढरी फुलं होती.

“काय खाल्लं हिनं?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाली. “काल उपास. घरात चूल पेटली नव्हती. सकाळी दूध प्यायली तेवढं.”

सासऱ्यांनीही मान हलवली. मोठे डॉक्टर थोडा वेळ पोरीच्या मानेखाली हात घालून उभे राहिले. मग म्हणाले, मेंदूत काही शिरलं असेल तर थांबून चालणार नाही, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघू. त्यांचंही बरोबरच होतं. कारण सापडत नसेल तर सगळ्यात वाईट कारण आधी बघायचं असतं. पण एवढ्याशा जिवाच्या पाठीत सुई घालायची म्हणजे कुणालाही नको वाटतं, आणि त्या बाईच्या तर तोंडचं पाणीच पळालं.

सिस्टर सुयांचा ट्रे उकळायला गेल्या. सासरे ‘घरी जाऊन येतो’ असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडले. आता सून एकटी असताना हा माणूस कुठं निघाला, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना एक ठेवून दिली. बाई खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकून पोरीशी बोलत होती. “ऊठ गं बाय माझी. ऊठ ना गं.”

मराठी. मी चमकले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून मराठीत म्हटलं, “अगं, आम्ही आहोत ना. हातपाय गाळू नकोस.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि जे दोन भाषांच्या मध्ये कुठंतरी अडकलं होतं ते भडभडून बाहेर आलं. “अक्का, मोठ्या डॉक्टरांना सांगू नका. हे माझ्यानं झालं. मी कॉफी प्याले.”

मला आधी काही समजलंच नाही. मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती जवळच्या आनेकल गावची, लग्न होऊन या कडक घरात आलेली. सासू नाही, सगळं हिच्यावर. शिवरात्रीचा उपास, रात्रीचं जागरण, आणि देवापुढचं ताट उचलल्याशिवाय कॉफीचा घोटही घ्यायचा नाही ही त्या घरची रीत. सासऱ्यांना कॉफीचं वावडं. बायकांनी कॉफी पिणं म्हणजे घराला अवकळा, असं ते जाता येता म्हणायचे. पहाटे हिचं डोकं असं दुखत होतं की डोळे उघडवेनात. शेजारणीनं मागच्या दारानं पेलाभर कॉफी दिली. हिनं मोरीजवळ उभं राहून दोन घोट घेतले, आणि तसंच जाऊन देवापुढचं ताट उचललं.

“उष्ट्या तोंडानं ताट उचललं, अक्का. आणि त्यातलाच घास हिला भरवला. देवानं माझं पोर धरलं.”

“कसला घास? मघाशी तर म्हणालीस काही खाल्लं नाही.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का, अक्का?”

आमच्या घरीही तेच. प्रसादानं उपास मोडत नाही, प्रसादानं पोट भरत नाही, प्रसाद खाण्यात धरतच नाहीत. आणि पारण्याच्या दिवशी देवापुढचा पहिला घास घरातल्या सगळ्यात धाकट्याला भरवायचा, मग घरानं जेवायचं, हीसुद्धा आमचीच रीत. लहानपणी माझ्या भावाला मिळणाऱ्या त्या पहिल्या घासासाठी मी किती जळले आहे. मी विचारलं, ताटात काय होतं. तंबिट्टू, ती म्हणाली. डाळ्याच्या पिठाचे आणि गुळाचे लाडू, शिवरात्रीला या गावात घरोघर होतात तेच, उपासाच्या आधीच करून ठेवलेले. एक जरा लहान, काळपट होता, गूळ करपला असेल म्हणून तिनं तो आधी काढला आणि पोरीला दिला. बाकीचे चांगले, ते मोठ्यांना वाढायला ठेवले.

तंबिट्टूनं कुणी बेशुद्ध पडत नाही. मी तिला सांगितलं, “डॉक्टर म्हणून सांगते, दोन घोट कॉफीनं असं होत नाही.” तिनं मान हलवली. डॉक्टरपुढे हलवायची म्हणून हलवली. तिचा माझ्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता. मी तिला नळावर तोंड धुऊन यायला पाठवलं आणि सुईची तयारी कुठवर आली ते बघायला गेले.

परत आले तर सासरे पोरीच्या खाटेशी वाकलेले. एका हातानं तिचं डोकं उचललेलं, दुसऱ्या हातात पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या, आणि तांब्याची कड पोरीच्या ओठाला लागलेली.

मी झेपच घेतली. त्यांचं मनगट धरलं आणि मराठीत म्हणाले, “आजोबा, गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काही ओतायचं नाही. तिला गिळता येत नाहीये. हे घशातून फुफ्फुसात जाईल आणि खाटेवर पडल्या पडल्या बुडेल ती.”

तांब्या हिंदकळला आणि तांबूस पाणी माझ्या पांढऱ्या कोटावर सांडलं. पोरीच्या ओठावरचं मी पदरानं टिपलं, तिला कुशीवर वळवलं, छातीला कान लावला. एक थेंबही आत गेला नव्हता. मग कुठं माझ्या नाकात वास शिरला. चिंच आणि गूळ.

आमच्याकडे वडिलांचे एक मामा होते. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी ते परसात भिंतीला टेकून बसलेले असायचे, डोळे लाल, आपल्याशीच हसत. आई चिंच कोळून, त्यात गूळ घालून वाटीभर पाणी आमच्या हाती द्यायची, ‘जा, मामांना दे, उतरेल’ म्हणायची. काय उतरेल ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. पण तापाला चिंचेचं पाणी देत नाहीत, दृष्ट लागली तरीही देत नाहीत. आमच्या लोकांत ते एकाच गोष्टीवर देतात.

मी त्यांना धरून व्हरांड्यात आणलं. “केवढी होती गोळी?”

“कसली गोळी?”

“आजोबा, मी तुमच्यातलीच आहे. चिंच कशावर देतात ते मला शिकवू नका. आत पोरीच्या पाठीत सुई घालायची तयारी चाललीय. केवढी होती?”

त्यांनी आधी नळाकडे पाहिलं. सून पाठमोरी होती. मग त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. मोठ्या सुपारीएवढी. आवाज इतका खाली गेला होता की मला कान द्यावा लागला. मठातल्या भजनाला जातात तिथले सोबती वर्षातून एकदा, शिवरात्रीला, भांगेचा गोळा देतात. नुसता घेतला तर व्यसन, देवापुढे ठेवून घेतला तर प्रसाद, असं ते मानत आले होते. म्हणून रात्री भजनाहून आल्यावर त्यांनी तो तंबिट्टूच्या ताटात ठेवला. पहाटे उठून, कुणी बघायच्या आत उचलायचा, हा दरवर्षीचा शिरस्ता. या वर्षी त्यांचा डोळा लागला.

“मग मघाशी का नाही बोललात?”

“ताटात असेल अजून, असं वाटलं. म्हणून घरी बघायला गेलो.” त्यांनी पुन्हा नळाकडे पाहिलं. “नव्हता.”

मला संताप आला. पोर इथं मान टाकून पडलेली, आणि हा माणूस जटक्यात बसून ताट बघायला गेला. आणि त्याच वेळी, खरं सांगते, त्यांची कीवही आली. ताटात गोळा असावा म्हणून सगळ्या वाटेत त्यांनी देवाला किती आळवलं असेल. मी आत गेले आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.

ते बाहेर आले, म्हाताऱ्यांच्या शेजारी बाकावर बसले, आणि कन्नडमध्ये एवढंच विचारलं, किती आणि केव्हा. उत्तर ऐकून ते आत गेले आणि सुयांचा ट्रे झाकायला सांगितला. पोट धुवायला उशीर झाला होता, आणि अशा गुंगीत नळी घातली तर ओकारी फुफ्फुसात जायची. भांगेवर उतारा नसतो. पोरीला कुशीवर ठेवायचं, उबेत ठेवायचं, शिरेतून साखर-मिठाचं पाणी द्यायचं, आणि कुणीतरी शेजारी बसून तिचा श्वास बघत राहायचं. अंगातली भांग अंगच काढून टाकतं, तोवर श्वास चालू राहिला पाहिजे.

“औषध नाही?” म्हाताऱ्यांनी मला विचारलं.

“मी आहे ना औषध,” मी म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “सून समजतेय की हे तिच्यानं झालं. ते तिला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ती चहाडी होईल.”

त्यांनी तांब्या खाटेखाली सरकवला.

त्या दुपारी वॉर्डात फार काही घडलं नाही. तेच बरं असतं. सिस्टर मधून मधून शिरेतली सुई बघून जात. बाई खाटेच्या एका अंगाला, म्हातारे दुसऱ्या अंगाला, मध्ये ती एवढीशी पोर. ऊन कलायला लागलं तेव्हा एकदा तिचा श्वास फार विरळ झाला. एक आला, आणि पुढचा येईना. मी तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली, सिस्टरनी ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली. नाक पांढरं पडत चाललं होतं. मग तिनं एकदम आत ओढून श्वास घेतला, चिडल्यासारखं कण्हली, आणि पुन्हा नीट चालू झाला. माझी पाचावर धारण बसली होती, पण चेहरा मी मोठ्या डॉक्टरांसारखा ठेवला.

बाईचं मात्र त्या क्षणी अवसान गेलं. ती हात जोडून, वर बघून, मोठ्यानं म्हणाली, “देवा, जन्मात पुन्हा कॉफीला शिवणार नाही. दोन घोट प्याले, मला काय ते कर. हिला सोड.”

म्हाताऱ्यांनी ते ऐकलं. कॉफीचं त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. मी बघत होते त्यांच्याकडे, मुद्दाम बघत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पोर जगते की नाही हे कळल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नव्हता, हे मला दिसत होतं. आणि समजा, नसती जगली तर? तर ती बाई उरलेला जन्म त्या दोन घोटांखाली काढणार होती. मी ठरवून टाकलं होतं, चहाडी तर चहाडी.

दिवेलागणीला पोर हलली. आधी बोटं, मग पापण्या. मग तिनं डोळे उघडून छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी काही आवडले नाही तिला, तोंड वेडंवाकडं केलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “मम्मं.”

मोठे डॉक्टर आले, तिला बसवून बघितलं, चमच्यानं पाणी दिलं. नीट गिळलं तिनं. मग पेज दिली. एवढीशी पोर, पण काय सांगू, वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुन्हा मम्मं. मोठे डॉक्टर हळूच मला म्हणाले, ही भूकही त्या गोळ्याचीच. दिवसभरात ते पहिल्यांदा हसले. रात्र इथंच ठेवू, उद्या घरी, सरी?

ते गेले. मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

ते उठले, खाटेला वळसा घालून सुनेच्या समोर जाऊन उभे राहिले. सासरा समोर आला म्हणून ती पदर सावरत उभी राहिली, पोरगी कडेवर.

“पोरी,” ते म्हणाले, “तो काळा लाडू तंबिट्टू नव्हता. भांगेचा गोळा होता. माझा. मी ठेवला होता ताटात. सकाळपासून मला ठाऊक होतं.”

ती बघत राहिली. आता ही रडेल, आता ही बोलेल, दिवसभराचं सगळं बाहेर काढेल, असं मला वाटलं. काढावं असंच वाटत होतं मला. मी तिच्या जागी असते तर त्या टोपीची काही धडगत नव्हती.

पण तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे माझ्या कॉफीनं नाही ना झालं, मामंजी?”

म्हाताऱ्यांनी मान हलवली, नाही, नाही, अशी बराच वेळ हलवत राहिले. मग खाटेखालचा फिरकीचा तांब्या उचलला आणि बाहेर गेले. नळावर तांब्या घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता बाहेरच बसतील.

थोड्या वेळानं ते परत आले. तांब्या उपरण्यात धरलेला, गरम होता म्हणून. त्यांनी सिस्टरकडून एक पेला मागून घेतला, फिरकी उघडली, आणि पेल्यात ओतलं तेव्हा सगळ्या वॉर्डात कॉफीचा वास पसरला. इस्पितळाच्या फाटकासमोरच्या हॉटेलातली कॉफी. आदल्या दिवसापासून त्या बाईच्या पोटात पहाटेच्या दोन घोटांखेरीज काही नव्हतं.

त्यांनी पेला तिच्यापुढे धरला. ती घेईना. सासऱ्यासमोर कशी पिणार. मी पोरगी तिच्या कडेवरून माझ्याकडे घेतली आणि पेला तिच्या हातात दिला. म्हातारे वळले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तिचा पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.